गोल पिनांपासून टाइप-सीपर्यंत : ॲडाप्टरच्या पोटात काय असतं?

एकदा एक जुना, वजनदार, खटखट वाजणारा कीबोर्ड नव्या लॅपटॉपला लावायची हुक्की आली. कीबोर्डला गोल सहा पिनांची पीएस/२ केबल. खणात एक जांभळा, अंगठ्याएवढा तुकडा पडलेला होताच : एका तोंडात गोल पिना जातात, दुसरं तोंड यूएसबीचं. जोडणी बसली अगदी घट्ट. कोपऱ्यातले तिन्ही दिवे एकदाच लुकलुकले आणि मग सगळं शांत. एकही अक्षर उमटलं नाही.

दिवे लागले, कारण दोन्हीकडे वीज ५ व्होल्टचीच. वीज मिळाली की असा कीबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि दिवे चमकवतो. पुढे मात्र तो त्याच्या भाषेत बोलत राहिला आणि लॅपटॉप यूएसबीच्या भाषेत विचारत राहिला. त्या जांभळ्या तुकड्याच्या पोटात चार तारांखेरीज काहीच नव्हतं.

ॲडाप्टर मुळात दोन जातींचे. एक नुसती तार या पिनेवरून त्या पिनेवर नेणारा, दुसरा आत चिप बसवून खरोखर भाषांतर करणारा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, गोंधळ तिथेच सुरू होतो.

सुरुवातीला पहिल्या जातीवर भागत होतं. सिरियल पोर्टचं (माहिती एकापाठोपाठ एक पाठवणाऱ्या जोडणीचं) आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं, टेलिप्रिंटर आणि मॉडेमच्या जमान्यातलं; त्याची सर्वाधिक चाललेली ‘सी’ आवृत्ती १९६९ची. १९७०मध्ये सेंट्रॉनिक्स कंपनीच्या प्रिंटरबरोबर पॅरलल जोडणी (अनेक तारांवरून एकाच वेळी माहिती नेणारी) आली, ३६ पिनांची. १९८१च्या आयबीएम पीसीने प्रिंटरकडचं ३६ पिनांचं तोंड तसंच ठेवलं, कॉम्प्युटरकडे मात्र २५ पिनांचं बसवलं. म्हणजे ती प्रिंटर केबल हाच एक लांबलचक ॲडाप्टर होता. गंमत म्हणजे सिरियल पोर्टही २५ पिनांचाच. पिना बाहेर आलेल्या असतील तर सिरियल, भोकं असतील तर पॅरलल, एवढीच खूण. १९८४च्या पीसी एटीने सिरियलच्या पिना ९वर आणल्या आणि ९ ते २५चे जोड घरोघरी आले. १९८७मध्ये आयबीएमच्या पीएस/२ मालिकेने कीबोर्ड-माउससाठी गोल सहा पिना आणि मॉनिटरसाठी १५ पिनांचा व्हीजीए दिला. एटी कीबोर्डची जाडजूड पाच पिनांची गोल जोडणी सहा पिनांत बसवायला पुन्हा नुसत्या ताराच पुरल्या, कारण भाषा बदललीच नव्हती. कोणती पिन कुठे जाते एवढं माहीत असेल आणि हातात सोल्डरिंग गन असेल, तर काम फत्ते.

जानेवारी १९९६मध्ये यूएसबीचं पहिलं मानक आलं आणि हे सोपेपण संपलं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी मिळून ते घडवलं होतं. जुना माउस हलला की आपणहून माहिती पाठवायचा. यूएसबीवर कॉम्प्युटर विचारेल तेव्हाच बोलायचं, तेही ठरलेल्या आकाराच्या पाकिटांत. हे अंतर तारेने भरून निघणारं नव्हतं.

मग यूएसबी माउस जुन्या पीएस/२ पोर्टला लावण्यासाठी खोक्यात मिळणारे हिरवे तुकडे चालायचे कसे? कारण माउसच दुभाषा होता. वीज मिळाल्यावर समोर यूएसबी आहे की पीएस/२, हे त्याची चिप ओळखायची आणि तशी बोलायची. त्यामुळे एका माउसचा तुकडा दुसऱ्याला लावला तर चालेलच याची हमी नव्हती. (कीबोर्डला जांभळा, माउसला हिरवा, मॉनिटरला निळा हे रंग मायक्रोसॉफ्ट-इंटेलच्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेतले.) माझ्या जुन्या कीबोर्डला यूएसबी ठाऊकच नव्हतं. त्याला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागला.

१९९८मध्ये ॲपलच्या आयमॅकने जुनी सगळी पोर्ट एका फटक्यात काढून टाकली आणि कन्व्हर्टरचा धंदा फोफावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिल गेट्स व्यासपीठावर असताना विंडोज ९८च्या प्रात्यक्षिकात यूएसबी स्कॅनर जोडताच विंडोज कोलमडून निळा पडदा आला होता. म्हणजे ‘लावा आणि वापरा’ ही गोष्ट यूएसबीलाही सुरुवातीला जड गेली.

सगळ्यात जास्त डोकेदुखी यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने दिली, आणि सगळ्यात जास्त काळ तोच टिकला. स्कॉटलंडची एफटीडीआय, तैवानची प्रोलिफिक, चीनची डब्ल्यूसीएच यांच्या चिप त्यात असतात. एकीकडे यूएसबीची पाकिटं, दुसरीकडे उणे ते अधिक १५ व्होल्टपर्यंत हेलकावणारी सिरियल तार. ड्रायव्हर (विंडोजला चिपशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर) नीट बसला तरी पंचाईत संपत नाही. विंडोज सिरियल पोर्टला ‘कॉम’ म्हणतं; अनेकदा ते कन्व्हर्टरला कॉम ७ किंवा कॉम ११ असा क्रमांक देतं आणि जुनं सॉफ्टवेअर कॉम ४च्या पुढे पाहायलाच तयार नसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो क्रमांक हाताने बदलावा लागतो. शिवाय एफटीडीआयची चिप आलेली थोडीशी माहिती लगेच पुढे ढकलत नाही. पाकीट भरेपर्यंत, नाहीतर १६ मिलिसेकंदांपर्यंत थांबते. एकेक अक्षर पाठवून उत्तराची वाट पाहणारं यंत्र यामुळे कमालीचं मंद वाटतं. ही वेळ सेटिंगमध्ये कमी करता येते, पण तिथवर कोण जातं!

त्यात बनावट चिपची भर. ऑक्टोबर २०१४मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला आणि असंख्य लोकांचे कन्व्हर्टर निकामी झाले. नकली माल बनवला कोणी आणि शिक्षा कोणाला! ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर काही दिवसांत मागे घेतला गेला.

पॅरललचं दुखणं थोडक्यात सांगण्यासारखं. यूएसबी-पॅरलल केबल प्रिंटरपुरती दुभाषी असते. पोर्टच्या पिना थेट हलवणाऱ्या जुन्या उपकरणांना तिचा काही उपयोग नाही.

मॉनिटरच्या बाबतीतही हेच घडलं. १९९९च्या डीव्हीआयच्या एका प्रकारात ॲनालॉग पिना होत्या, म्हणून व्हीजीएसाठी साधा जोड पुरायचा. एचडीएमआयमध्ये त्या पिनाच नाहीत. डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप लागतेच. डिसेंबर २०१०मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो वगैरे कंपन्यांनी २०१५पर्यंत व्हीजीएला निरोप द्यायचं जाहीर केलं. प्रोजेक्टर मात्र ते न ऐकता चालूच राहिले.

ऑगस्ट २०१४मध्ये २४ पिनांच्या टाइप-सीचं मानक पूर्ण झालं. यात पहिल्यांदाच लॅपटॉप आणि ॲडाप्टर आधी आपसात बोलून ठरवतात : या पिनांवरून यूएसबी न्यायचं की डिस्प्लेपोर्टचं (मॉनिटर जोडायच्या एका डिजिटल मानकाचं) चित्र, वीज किती. पण सगळ्या टाइप-सी पोर्टना चित्र पाठवता येत नाही. तोंड तेच, अंगची कला वेगळी.

जुन्या पोर्टशी नातं जोडणाऱ्या साध्या ए-ते-सी केबलमध्येही आता एक निरोप लपलेला असतो : ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर. ‘पलीकडे जुनं पोर्ट आहे, वीज बेताने ओढ’ असा त्याचा अर्थ. तिथे १० किलोओहमचा बसवला, तर उपकरण ३ ॲम्पियर मागू लागतं. गूगलचे अभियंता बेन्सन ल्युंग २०१५पासून बाजारातल्या केबल तपासून अशा चुका जाहीर करत होते. २०१६च्या सुरुवातीला तारा उलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच जाळला. एका बाजूला टाइप-सीचं भोक आणि दुसऱ्या बाजूला जुन्या यूएसबीची पिन असा जोड तर मानकाला मंजूरच नाही. तरी तो सर्रास विकला जातो.

आरएस-२३२ची भाषा अजून जिवंत आहे; नेटवर्क स्विच (अनेक कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा), कारखान्यातली यंत्रं, प्रयोगशाळेतली मोजमापाची साधनं तिच्यातच बोलतात. अनेक नव्या स्विचवर सेटिंगसाठी यूएसबीचं तोंड दिसतं आणि साधी केबल लावून काम होतं. लावल्यावर लॅपटॉपवर पाहावं, तर तिथे नवा कॉम पोर्ट उगवलेला असतो. कन्व्हर्टरची चिप केबलमधून उठून स्विचच्या पोटात जाऊन बसलेली असते.