हिरड्या मागे का सरकतात?

निरोगी हिरडी दाताच्या मानेभोवती घट्ट बसलेली असते. तिची कड मुळाकडे सरकली की दात लांब दिसू लागतो आणि त्याच्या बुडाशी मुळाचा पिवळसर पट्टा उघडा पडतो. मुळावर एनॅमलचे कवच नसते. तिथल्या सूक्ष्म नलिकांमधला द्रव गार पाण्याने हलतो आणि ती हालचाल नसेपर्यंत पोहोचून दातातून सणक जाते. एनॅमलला इजा न करणाऱ्या सौम्य आम्लातही हे मूळ विरघळू शकते, म्हणून तिथे कीड लवकर लागते.

हे घडते ते मुख्यतः दोन परस्परविरुद्ध सवयींमुळे. दात नीट स्वच्छ न केल्यास हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो, लाळेतील क्षारांनी त्याचे कठीण कीटण बनते, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या दाहामुळे दाताला धरून ठेवणारे हाड झिजले की त्यावर टेकलेली हिरडीही उतरते. तंबाखू आणि ताब्यात नसलेला मधुमेह या रोगाला बळ देतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे त्यांना धोक्याची ही खूणसुद्धा दिसत नाही. याउलट कडक ब्रशने जोर लावून आडवे घासणाऱ्यांचे तोंड स्वच्छ असूनही सुळे आणि उपदाढांवरची हिरडी झिजते. ती मुळातच पातळ असेल किंवा दात ओळीबाहेर आलेला असेल, तर अधिकच.

मागे गेलेली हिरडी सहसा आपोआप पूर्ववत होत नाही. कोणतेही तेल किंवा मंजन ती परत आणत नाही. म्हणून पहिला उपचार म्हणजे कारण थांबवणे. दंतवैद्य खुणा असलेल्या बारीक शलाकेने हिरडी आणि दात यांमधली फट मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली सामान्य मानली जाते. त्याहून खोल फटीतले कीटण मुळापर्यंत साफ करावे लागते. या सफाईने दातांत फटी पडतात, हा समज फार नुकसान करतो. त्या जागा रोगाने आधीच केलेल्या असतात, कीटण आणि सूज यांनी त्या फक्त झाकलेल्या असतात.

घासण्यासाठी मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने फिरवावा. संवेदनशीलतेवर पोटॅशियम नायट्रेटयुक्त पेस्ट किंवा फ्लोराइडचा लेप उपयोगी पडतो. टाळूखालची ऊती घेऊन मूळ झाकण्याची शस्त्रक्रियाही होते, मात्र शेजारच्या दातांमधले हाड शाबूत असेल तरच ते पूर्ण झाकले जाण्याची आशा असते. त्रास नसेल, स्वच्छता राखता येत असेल आणि दर तपासणीत मोजमाप तेच राहत असेल, तर बहुधा तिची गरज पडत नाही.