हो-नाहीची कोडी

चमत्कारिक वाटणारा एखादा प्रसंग दोन-तीन वाक्यांत सांगायचा, त्यामागची हकीकत लपवून ठेवायची आणि ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारून विचारून ती बाहेर काढायची, असा हा सामूहिक खेळ. अट एकच : ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येईल, असाच प्रश्न विचारायचा. हकीकत ठाऊक असलेला एक जण सांगणारा, बाकी सगळे विचारणारे. इंग्रजीत या कोड्यांना ‘सिच्युएशन पझल’ किंवा ‘लॅटरल थिंकिंग पझल’ म्हणतात. जपानी आणि चिनी खेळाडूंमध्ये त्यांचे नाव ‘समुद्री कासवाचे सूप’ असे आहे. मराठीत एकच एक नाव रुळलेले नाही. ट्रेकच्या मुक्कामी किंवा रात्रीच्या रेल्वेप्रवासात ‘ते हो-नाहीवालं कोडं घाल ना’ एवढे म्हटले की भागते.

उखाणे आणि हुमणे यांच्याहून हा प्रकार वेगळा. उखाण्यात वस्तूचे वर्णन आडवळणाने केलेले असते आणि ऐकणाऱ्याला उलटतपासणीची मुभा नसते. इथे उलटतपासणी हाच खेळ आहे.

नमुन्यादाखल एक घरगुती कोडे घेऊ. ‘एक मुलगा रोज सकाळी एसटी स्टँडवर येतो. ठरलेली गाडी लागते. तो गाडीत कधीच बसत नाही. पण ज्या दिवशी गाडी येत नाही, त्या दिवशी तो उपाशी राहतो.’

‘तो स्टँडवर काही विकतो का?’ नाही. ‘हमाली करतो?’ नाही. ‘भीक मागतो?’ नाही. ‘गाडीतून कोणी त्याला भेटायला येतं का?’ नाही. ‘उपाशी म्हणजे उपास धरतो का?’ नाही. ‘गाडी आली नाही की त्याचे पैसे बुडतात?’ नाही. ‘बरं, तो शिकतो का?’ हो. ‘ड्रायव्हर त्याचा बाप आहे का?’ नाही. ‘पण ड्रायव्हर-कंडक्टर त्याला ओळखतात?’ हो. इथे मंडळी जरा सावरून बसतात. ‘गाडीतून माणसांशिवाय दुसरं काही उतरतं का?’ हो. मग तीन-चार जण एकदमच ओरडतात : ‘डबा!’

तालुक्याच्या गावी खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाला आई गावाकडून एसटीने डबा पाठवते, एवढीच हकीकत. ज्याने स्वतः असा डबा खाल्लेला असतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच तिथे पोहोचतो. बाकीचे पहिले सहा प्रश्न मुलाच्या पोटापाण्याभोवती किंवा गाडीतून उतरणाऱ्या माणसांभोवती घुटमळतात. कोड्यात तसे कोणीही म्हटलेले नसते. ‘गाडी म्हणजे माणसांची ने-आण’ हे विचारणाऱ्याने आपल्याच पदरचे घातलेले असते आणि घातले आहे हे त्याच्या गावीही नसते. या खेळात खरे शोधायचे असते ते हे पदरचे घातलेले. हकीकत त्यामागून आपोआप येते.

याच कारणाने ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ या जुन्या बैठ्या खेळाशी याचे नाते जवळचे असले, तरी दोन्हींची डावपेचाची रीत एक नाही. त्या खेळात एकाने मनात एखादी वस्तू धरायची आणि इतरांनी वीस प्रश्नांत ती ओळखायची. अमेरिकेत १९४६ साली आणि ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९४७ साली तो रेडिओवर आला आणि घराघरांत पोहोचला. हंगेरीत त्याला ‘बारकोखबा’ म्हणतात. इसवी सन १३२ ते १३५ या काळात रोमनांविरुद्ध बंड करणारा ज्यू नेता बार कोखबा याच्याकडे जीभ आणि हात तोडलेला एक हेर परत आला. त्याला ना बोलता येत होते, ना लिहिता. तेव्हा त्याला फक्त मान हलवता येईल असे प्रश्न विचारून बातमी काढून घेतली, अशी त्या नावामागची दंतकथा. हंगेरीचे गणिती आल्फ्रेड रेन्यी यांनी या खेळाच्या आधाराने माहितीचे गणित समजावून सांगितले आहे. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यता बरोबर निम्म्या करता आल्या, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ वस्तूंमधून एक नेमकी निवडता येते.

आपल्याकडे या निम्मे करण्याचे घरगुती रूप भोंडल्यात दिसते. आश्विनात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हटली की खिरापत ओळखायची वेळ येते. झाकलेला डबा कानाशी हलवला जातो. खुळखुळला तर दाणे, चुरमुरे, फुटाणे यांच्या दिशेने. थबकन वाजला तर शिरा, बर्फी, ढोकळा. ‘गोड आहे का?’ हा पहिला प्रश्न निम्मे पदार्थ उडवतो. ‘तळलेलं आहे?’ हा उरलेल्यांतले निम्मे. कोणालाच ओळखता येऊ नये म्हणून घरची बाई मुद्दाम काहीतरी जगावेगळे करते, आणि तेवढ्यापुरता हा डाव हो-नाहीच्या कोड्यांच्या अंगाने जातो : उत्तर यादीतच नसते.

कोड्यात नेहमी हेच घडते. तुम्ही शक्यतांची यादी मनात करून ती कितीही शिस्तीने निम्मी करत गेलात, तरी खरे उत्तर त्या यादीत नसेल तर शेवटी हाती शून्य. म्हणून चांगला खेळाडू काही प्रश्न यादी छाटायला वापरतो आणि काही प्रश्न यादीच्या कुंपणावर टाकून पाहतो. ‘हे माणसाबद्दल आहे का?’, ‘हे जमिनीवर घडतं का?’, ‘यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे का?’ असे प्रश्न बावळट वाटतात आणि म्हणूनच कोणी विचारत नाही.

मुले असे प्रश्न केव्हा शिकतात, हे मोशर आणि हॉर्न्सबी या संशोधकांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाहिले. त्यांनी सहा, आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांपुढे ४२ चित्रे मांडून मनातले चित्र ओळखायला लावले. सहा वर्षांची मुले सरळ एकेका चित्रावर बोट ठेवत : ‘हातोडी आहे का?’ अकरा वर्षांची मुले ‘अवजार आहे का?’ असा वर्गालाच हात घालत. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात चित्रे नव्हती. एक माणूस गाडी चालवत होता, गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली, तर का आदळली ते हो-नाहीचे प्रश्न विचारून शोधा, एवढेच सांगितले होते. म्हणजे हा खेळच.

‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्द माल्टात जन्मलेले वैद्यक आणि मानसशास्त्राचे अभ्यासक एडवर्ड डी बोनो (१९३३–२०२१) यांनी १९६७ साली रूढ केला. एकाच खड्ड्यात खोल खोल खणत न बसता दुसरीकडे खणून पाहणे, असा त्याचा आशय. कोड्यांना हे नाव पुढे चिकटले. डी बोनो यांचा रोख विचार करण्याच्या पद्धतीवर होता, कोड्यांवर नव्हे. कोडी पुस्तकरूपाने लोकप्रिय करण्याचे श्रेय बव्हंशी ब्रिटिश लेखक पॉल स्लोन आणि आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक राहिलेले डेस मॅकहेल या जोडीचे. स्लोन यांचा पहिला संग्रह १९९१ मध्ये निघाला. मॅकहेल हे जॉर्ज बूलचे चरित्रकार. ज्या बूलच्या बीजगणिताने तर्कशास्त्र ‘सत्य’ आणि ‘असत्य’ या दोन किमतींवर उभे केले, तो कॉर्कलाच प्राध्यापक होता. त्याच्या चरित्रकाराला हो-नाहीच्या कोड्यांचा नाद असावा, हे छानच जुळून आले आहे.

जर्मनीत २००४ साली होल्गर ब्यॉश यांचा ‘ब्लॅक स्टोरीज’ हा ५० पत्त्यांचा संच आला. पुढच्या बाजूला प्रसंग, मागच्या बाजूला हकीकत. नावाप्रमाणे सगळा मामला काळाकुट्ट. मुळात या कोड्यांना मरणाची भारी ओढ. जपानी नावामागचे कोडेही तसलेच : एक माणूस उपाहारगृहात समुद्री कासवाचे सूप पितो, हे खरेच कासवाचे आहे ना अशी खात्री करून घेतो, आणि घरी जाऊन जीव देतो. जहाज फुटल्यावर उपासमारीत ‘कासवाचे’ म्हणून त्याला जे पाजले गेले होते ते कासवाचे नव्हते, माणसाच्या मांसाचे होते, हे त्याला त्या घोटासरशी कळलेले असते. इंग्रजीत हेच कोडे अल्बट्रॉस पक्ष्याचे मांस घालून सांगतात. चिनी खेळाडूंनी सूपाची उपमा पुढे नेली आहे. सांगितलेला प्रसंग म्हणजे ‘सूपाचा वरचा थर’ आणि दडलेली हकीकत म्हणजे ‘सूपाचा तळ’. मराठीत घ्यावी अशी ही परिभाषा आहे. ‘तळ लागला का?’ हे आपण एरवीही म्हणतोच. इतकी प्रेते मात्र खेळाला आवश्यक नाहीत. वरच्या डब्याच्या कोड्यात कोणी मरत नाही आणि त्यामुळे काही अडत नाही.

सांगणाऱ्याचे काम दिसते तेवढे आरामाचे नसते. नुसत्या ‘हो’ आणि ‘नाही’वर खेळ फार वेळ चालत नाही. ‘संबंध नाही’ हे तिसरे उत्तर जवळजवळ सगळीकडे मान्य आहे. ते जितक्या लवकर मिळेल तितके बरे, कारण मुलगा गरीब की श्रीमंत यावर दहा मिनिटे जाणे त्याने वाचते. चौथे उत्तर अवघड : ‘तुझा प्रश्नच चुकीच्या गृहीतावर उभा आहे.’ हे केव्हा सांगायचे, याचे तारतम्य लागते. लगेच सांगितले तर कोडे फुटते, मुळीच नाही सांगितले तर मंडळी वैतागतात. नकारार्थी प्रश्न मात्र सरळ परत करावेत. ‘तो गाडीत बसत नाही का?’ याला मराठीत ‘हो’ म्हटले तर बसतो की बसत नाही, यावर दोन तट पडतात. सर्वांत मोठा अपराध म्हणजे चुकून दिलेले खोटे उत्तर. वीस मिनिटांनंतर ‘अरे, मघाशी मी हो म्हणालो ते नाही होतं’ असे सांगणाऱ्यावर काय गुदरते ते न विचारलेलेच बरे.

खेळ एकट्याने का जमत नाही, हेही इथेच कळते. एका डोक्यातली गृहीते एकाच दिशेची असतात. पाच जण असले की कोणीतरी आधीची उत्तरे जोडून सांगतो, कोणीतरी एकाच तपशिलाचा पिच्छा पुरवतो. आणि पुष्कळदा चहा आणायला गेलेला माणूस परत येऊन, मधले काहीच ऐकलेले नसल्यामुळे, नेमका कुंपणाबाहेरचा प्रश्न विचारतो. ज्याला कोडे आधीच माहीत आहे त्याने गप्प बसावे, हा अलिखित नियम. तो पाळणे बऱ्याच जणांना जड जाते.

परदेशी कोडी मराठीत आणताना दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण संदर्भाची. ‘एक माणूस मेलेला आहे आणि आजूबाजूला ५३ बायसिकली आहेत’ हे अमेरिकी कोडे सोडवायला तिथे ‘बायसिकल’ छापाचे पत्ते मिळतात हे ठाऊक हवे. ५२ पानांच्या कॅटमध्ये त्रेपन्नावे पान आले, म्हणजे तो पत्त्यांत लबाडी करताना सापडला. हिरवळीवर पडलेले गाजर, मफलर आणि कोळसे पाहून वितळलेला हिममानव आठवायला बर्फात बालपण जावे लागते. उलट, बारमध्ये पाणी मागणाऱ्यावर मालकाने पिस्तूल रोखले आणि तो आभार मानून निघून गेला, हे आपल्याकडे चटकन सुटते. उचकी लागलेल्याला दचकवायचे हे घरोघरी माहीत असते.

दुसरी अडचण व्याकरणाची. अपघातात बाप दगावतो, मुलाला इस्पितळात नेतात आणि सर्जन म्हणतो, ‘मी याच्यावर शस्त्रक्रिया करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे’, हे कोडे वरच्यासारखे सांगितले तर ते खोटे आणि ‘म्हणते’ असे सांगितले तर ते फुटलेले. मराठी क्रियापद सर्जन बाई आहे हे लपवू देत नाही. वाट आहे ती ‘ने’ प्रत्ययाची : ‘सर्जनने सांगितलं’ म्हटले की लिंग झाकले जाते. मजा पुढे येते. विचारणारे ‘सर्जन खोटं बोलत होता का?’ असे विचारतात आणि त्यांचे गृहीत त्या ‘होता’त उघडे पडते. इंग्रजीत ते इतके सहज दिसत नाही. सांगणाऱ्याला मात्र ओठ दाबून ‘नाही’ म्हणावे लागते.

या खेळाची एक उलटी आवृत्तीही आहे. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९९१ मध्ये तिचे वर्णन केले आहे. एकाला बाहेर पाठवून सांगतात, की आत कोणीतरी आपले स्वप्न सांगत आहे, ते प्रश्न विचारून ओळखायचे. प्रत्यक्षात आत कोणीच स्वप्न सांगितलेले नसते. प्रश्नाचे शेवटचे अक्षर वर्णमालेच्या पहिल्या अर्ध्यात पडले तर ‘हो’, दुसऱ्यात पडले तर ‘नाही’, एवढाच नियम. विचारणारा स्वप्न रचतो आणि ते दुसऱ्याचे समजतो.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर (१९११–२००८) पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) समजावताना अशीच एक आठवण सांगत. जेवणानंतरच्या बैठकीत वीस प्रश्नांचा डाव मांडला होता. त्यांना खोलीबाहेर बराच वेळ थांबवले आणि परत आले तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू होते. पहिली उत्तरे पटापट आली. मग प्रत्येक जण उत्तर द्यायला अधिकाधिक वेळ घेऊ लागला. नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ तर म्हणायचे आहे, त्याला एवढा विचार कशाला, हे त्यांना कळेना. कोणीही शब्द ठरवायचा नाही, मात्र प्रत्येकाने आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळणारा एखादा शब्द मनात धरूनच बोलायचे, असे आत ठरले होते. शेवटी व्हीलर यांनी विचारले, ‘ढग?’ समोरच्याने बराच विचार केला, ‘हो’ म्हणाला, आणि सगळी खोली हसू लागली.