साथीच्या वाटेवरचा गवळी

२०२३च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेत जो तो बजावत होता, ‘त्याच्या डोळ्यांत बघू नकोस.’ नजरेने डोळे येत नाहीत. विषाणू हातांवरून, टॉवेलवरून पसरतो. आजही हा समज ऐकला की वाईट वाटतं. हात धुवायचे सोडून माणसं नजर चुकवत बसतात.

कोण कोणाच्या संपर्कात येतो, यावर साथीची वाट ठरते. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ साली साथीचं प्रसिद्ध गणित मांडलं आणि मुंबईच्या १९०५-०६च्या प्लेगच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. त्यात सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात, असं धरलं होतं. पेठेत तसं नसतं.

समजा, गोलात ४० घरं आहेत. प्रत्येक घराचा संबंध दोन शेजाऱ्यांशी आणि रतीब घालणाऱ्या एकाच गवळ्याशी. घराचे संपर्क ३, गवळ्याचे ४०. लस मात्र एकच आहे. ४१ चिठ्ठ्यांतून एक उचलली, तर गवळी निघण्याची शक्यता अडीच टक्के. आता निघालेल्या माणसाला लस न देता विचारा, ‘तुझ्या संपर्कातलं कुठलंही एक नाव सांग.’ प्रत्येक घर तिघांतलं एक नाव घेणार, म्हणून गवळ्याची शक्यता थेट एक तृतीयांशाजवळ जाते! कोणाचे संपर्क मोजावे लागले नाहीत. ज्याचे संपर्क जास्त, त्याचं नाव जास्त तोंडी, एवढंच. ही गंमत समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली दाखवली. कोहेन, हावलिन आणि बेन-अव्राहाम या भौतिकशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तिच्यावरून लसीकरणाची पद्धत सुचवली.

साथीच्या हिशेबात संपर्कांच्या आकड्यांचे वर्ग येतात (३ चा ९, ४० चा १६००), कारण ज्याचे संपर्क जास्त, त्याच्याकडे साथ येतेही जास्त आणि त्याच्याकडून जातेही जास्त. संपर्कांची बेरीज १६०, त्यांच्या वर्गांची १९६०, भागाकार १२.२५. साधी सरासरी मात्र ३.९. बरं होण्याच्या वेगाच्या तुलनेत एका संपर्कातून लागण किती वेगाने झाली की साथ पेटते, तो उंबरठा ढोबळमानाने १ भागिले हा १२.२५ असतो, म्हणजे साध्या सरासरीवरून येणाऱ्या ०.२६ ऐवजी ०.०८. पास्तोर-सातोर्रास आणि वेस्पिन्यानी या भौतिकशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं, की संपर्कांच्या अतिविषम (मोजक्यांचे संपर्क प्रचंड, बाकीच्यांचे थोडेच) आणि अफाट मोठ्या जाळ्यात हा उंबरठा शून्याकडे झुकतो.

गवळी असताना कुठल्याही घरातून कुठल्याही घरी साथ जास्तीत जास्त दोन टप्प्यांत पोचते. त्याला लस दिली, की समोरच्या घरापर्यंत तिला शेजारून शेजारी असे वीस टप्पे चालावं लागतं.