ज्युडो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू: वाटा कुठे वेगळ्या झाल्या

ब्राझिलियन जिउ-जित्सूचं मूळ थेट सामुराईंच्या काळात शोधायची अनेकांना हौस असते. पण १९१४ साली जहाजातून ब्राझीलला उतरलेली विद्या कोदोकान या जपानी संस्थेच्या ज्युडोची होती, आणि तेव्हा ते ज्युडो जेमतेम तीस वर्षांचं होतं.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एइशो-जी मंदिरात कोदोकान सुरू केलं. जुजुत्सू या जपानी झुंजकलेच्या (‘जिउ-जित्सू’ हा त्याच शब्दाचा उच्चार) जुन्या घराण्यांतले डाव निवडून, घातक प्रकार मोकळ्या सरावातून वगळून त्यांनी ज्युडो बांधलं. त्यांच्या संस्थेत तयार झालेले मित्सुयो माएदा १९०४ मध्ये अमेरिकेला गेले, देशोदेशी कुस्त्या लढले आणि अखेर ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेंमध्ये स्थिरावले. त्यांच्या तिथल्या शिकवणीतून ही विद्या कार्लोस ग्रेसीकडे आणि पुढे त्याचा धाकटा भाऊ एलियोकडे गेली. त्या काळी बाहेरच्या जगात ज्युडोलाही सर्रास जिउ-जित्सूच म्हणत, म्हणून तेच नाव टिकलं.

मग फरक कशाने पडला? माझ्या मते नियमांनी. जपानमध्ये शाळा-कॉलेजांच्या कोसेन स्पर्धांत जमिनीवरची झुंज फार वाढली, तेव्हा १९२५ च्या सुमारास कोदोकानने तिला आळा घातला. उभ्याने केलेली स्वच्छ फेक हाच विजय, हा विचार पक्का होत गेला. ब्राझीलमध्ये मात्र आव्हानाच्या लढती शरणागतीपर्यंत चालत. आपल्या आखाड्यात पाठ टेकली की पैलवान चीत; तिथे पाठीवर पडलेला माणूस पायांच्या विळख्यातून लढत राहतो.

ऑक्टोबर १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये दोन्ही धारा समोरासमोर आल्या. जपानी ज्युडोपटू मासाहिको किमुरांनी एलियोला वारंवार फेकलं, पण ठरलेल्या नियमांत फेकीला किंमतच नव्हती. शेवटी हात पिरगळून मोडला, तरी एलियो हार मानेना. कार्लोसने त्याच्या वतीने हार मानत टॉवेल टाकला. त्या पेचाला ब्राझिलियन परंपरा आजही ‘किमुरा’ म्हणते. हरवणाऱ्याचा असा मान राखणं मला फार मोलाचं वाटतं.

अंतर पुढेही वाढतच गेलं. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकनंतर ज्युडो जगभरचा खेळ झाला. १९९३ मध्ये डेनव्हरला वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांची पहिली यूएफसी स्पर्धा जिंकून एलियोचा मुलगा रॉयस ग्रेसीने जमिनीवरच्या लढाईची ताकद दाखवली. २०१० आणि २०१३ च्या बदलांनी ज्युडोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून उभ्याने पाय धरणं बाद झालं. त्यामुळे दोन्ही पाय धरून पाडणारा ‘मोरोते-गारी’ हा ज्युडोतला जुना डाव आज जिउ-जित्सूच्या स्पर्धेत चालतो, ज्युडोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नाही.