सुसून खाडीतील राखीव ताफा आणि त्याच्या रंगाचे प्रदूषण

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेकडे गरजेपेक्षा कितीतरी अधिक मालवाहू जहाजे होती. विक्रीनंतर उरलेली जहाजे पुढच्या युद्धासाठी जपून ठेवावीत, या हेतूने १९४६ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय संरक्षण राखीव ताफा उभा राहिला. १९५० साली त्यात २,२७७ जहाजे होती. त्यांच्या आठ तळांपैकी एक कॅलिफोर्नियातील सुसून खाडीत, म्हणजे नद्यांचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते तिथे होता. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत यांतील अनेक जहाजे पुन्हा कामाला लागली, त्यामुळे मूळ निर्णय अनाठायी होता असे म्हणता येत नाही.

घोळ झाला तो पुढे. जहाजे कालबाह्य झाली, तरी ती मोडीत काढायला पुरेसा पैसा मिळेना. आशियातील जहाजतोडणीच्या किनाऱ्यांवर कामगारांचे होणारे हाल आणि विद्युत तारांच्या आवरणांतील पीसीबीसारखी विषारी द्रव्ये यांवरून टीका झाल्यावर १९९० च्या दशकात परदेशी विक्रीही थांबली. सप्टेंबर २००६ पर्यंत निकामी जहाजांची विल्हेवाट लावण्याची संसदेने घातलेली मुदत टळून गेली.

दरम्यान उन्हापावसात डेकवरच्या रंगाचे पापुद्रे सुटत होते आणि पावसाच्या पाण्याबरोबर थेट खाडीत जात होते. त्या रंगांत शिसे, जस्त, तांबे आणि बेरियम होते. अशा धातूंचे २० टनांहून अधिक वजन खाडीत गेले असावे, असा अंदाज २००७ मध्ये पुढे आला. त्यातच एक विचित्र पेच होता. जहाज दुसऱ्या बंदरात ओढून न्यायचे, तर तळाला चिकटलेले परके जीव तिकडे पसरू नयेत म्हणून तळ आधी खरवडणे भाग होते. पण पाण्यातच खरवडले की जिवांबरोबर रंगही सुटून पडत असे. म्हणजे हलवण्याच्या तयारीनेच प्रदूषणात भर पडत होती, आणि न हलवल्याने ते चालूच राहत होते.

पर्यावरण संघटनांनी २००७ मध्ये हा ताफा सांभाळणाऱ्या सागरी प्रशासनावर दावा दाखल केला आणि पुढे राज्याचे जल नियंत्रण मंडळही त्यात सामील झाले. जानेवारी २०१० मध्ये संघराज्य न्यायालयाने सागरी प्रशासनाला कायदेभंगासाठी जबाबदार धरले. त्यानंतर काही आठवड्यांतच तडजोड झाली आणि ५७ जहाजे २०१७ पर्यंत हटवण्याचे ठरले. त्यांतली सर्वांत वाईट अवस्थेतील २५ आधी, २०१२ पर्यंत. खरवडण्याचे काम आता सुक्या गोदीत होऊ लागले, जिथे सुटलेला रंग गोळा करता येतो. खर्च वाढला, पण पेच सुटला, आणि ५७ पैकी शेवटचे जहाज २०१७ मध्ये खाडीबाहेर पडले.