कंपेल ते इंदूर: दिशा बदललेली पायवाट

जुनी इंदूरमधून पहाटे निघायचं, नवलखा आणि तीन इमली मागे टाकायचं, पालद्याच्या डाळमिलांवरून नेमावर रस्त्याला लागायचं आणि देवगुराडियाची टेकडी ओलांडून पुढे जायचं. वीस-पंचवीस किलोमीटरवर कंपेल लागतं. जुन्या मापानं सात-आठ कोस. इंदूरच्या मराठी घरांत आज हे नाव निघालंच तर पावसाळ्यातल्या सहलीच्या निमित्तानं निघतं. विंध्याच्या कड्यावरचे धबधबे बघायला जाताना वाटेत लागणारं एक गाव, एवढीच त्याची ओळख उरली आहे.

तीनशे वर्षांपूर्वी या वाटेनं चालणाऱ्याचं तोंड दुसरीकडे असे. तो इंदूर नावाच्या खेड्यातून कंपेल नावाच्या कसब्याला निघालेला असे. परगणा कंपेल, मौजे इंदूर, असा तो हिशेब होता. शहर कोणतं आणि खेडं कोणतं, हे तेव्हा नेमकं उलट होतं, आणि या वाटेचा इतिहास म्हणजे त्या उलटापालटीचाच इतिहास आहे.

अकबराच्या काळच्या महसुली यादीत माळवा सुभ्याच्या उज्जैन सरकारात कंपेल हा महाल म्हणून येतो. महाल किंवा परगणा म्हणजे नुसता नकाशावरचा तुकडा नव्हे. तिथे कचेरी असते, कानूनगो आणि चौधरी हे महसुलाचे वतनदार असतात, दप्तर असतं. शेतसाऱ्याचा भरणा तिथे करायचा, हद्दीचा तंटा तिथे न्यायचा, वतनाचा कागद तिथून आणायचा. आसपासच्या गावांतल्या पाटलाला किंवा कुळाला वर्षातून काही वेळा तरी हे सात कोस तुडवावे लागत असणार. इंदूरच्या शेतकऱ्यालाही त्यातून सुटका नव्हती.

कंपेलला हे महत्त्व का आलं असावं, ते जागा पाहिली की उमगतं. माळव्याचं पठार दक्षिणेला जिथे संपायला लागतं आणि विंध्याचा उतार नर्मदेकडे सुटतो, त्या काठाजवळ हे गाव आहे. क्षिप्रेचा उगमही याच मुलखातला, उज्जैनी गावाजवळच्या काकरी-बरडी टेकडीवरचा. त्याच नेमावर रस्त्यानं पुढे गेलं की नेमावरला नर्मदा भेटते. पैलतीरावर हंडिया. मुघल काळात दख्खनेतून उत्तरेकडे जाताना नर्मदा उतरण्याच्या मोठ्या ठाण्यांपैकी ते एक. नदी उतरून, घाट चढून पठारावर आलेल्या माणसाला माळव्याची काळी माती दिसायची ती याच भागात. माझ्या मते कंपेलचा कसबा या काठावरच्या जागेमुळे टिकला.

मग इंदूर पुढे कसं गेलं? त्याचा पहिला धागा एका जमीनदार घराण्याशी जातो. परगण्याचे चौधरी राव नंदलाल मंडलोई यांनी इंद्रेश्वर महादेवाच्या परिसरात, खान आणि सरस्वती या दोन नद्यांच्या सान्निध्यात वस्ती करायचं ठरवलं. हा काळ १७१५-१६ चा. मराठ्यांच्या स्वाऱ्या नर्मदा ओलांडून माळव्यात येऊ लागल्या होत्या, मुघल सुभेदारांचा जोर ओसरत होता, आणि मधल्या गावांना दोन्हीकडून झळ बसत होती. नदीच्या पाण्यानं वेढलेली जागा त्यातल्या त्यात सुरक्षित. शिवाय दिल्ली आणि दख्खन यांच्यामधला व्यापार या बाजूनं वाहत होता. जुनी इंदूरमधला बडा रावला हा या घराण्याचा वाडा. आजही तिथल्या गल्लीत उभं राहिलं की नदी किती जवळ होती ते कळतं, जरी तिला नदी म्हणणं आता जड जात असलं तरी.

वस्ती वाढली, बाजार भरू लागला, आणि १७२० मध्ये परगण्याचं ठाणं कंपेलहून इंदूरला हललं. कारण सरळ नोंदलेलं आहे: व्यापार इंदूरला वाढला होता. लढाई झाली म्हणून किंवा कुणा सुभेदाराला लहर आली म्हणून कचेरी हलली नाही. माल जिकडे गेला, तिकडे दप्तर गेलं. मला या साऱ्या कथेतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आपण गावांचं नशीब राजांच्या तारखांत शोधतो. इथे ते बैलगाड्यांच्या चाकोरीत सापडतं.

होळकरांच्या बाजूनं लिहिलेल्या हकिकतीत मात्र हे स्थलांतर अहिल्याबाईंच्या नावावर आहे. इंदूरची जागा त्यांना पसंत पडली आणि जिल्ह्याचं ठाणं त्यांनी कंपेलहून तिथे आणवलं, असं त्यात सांगतात. दोन्हींपैकी एकच खरं धरायला हवं असं मला वाटत नाही. मुघल अंमलातली कचेरी हलणं आणि नव्या सत्तेनं आपला कमाविसदार, म्हणजे महसूल वसूल करणारा अधिकारी, नव्या जागी कायम करणं, यात अर्धं शतक जाऊ शकतं. जुन्या कसब्यात वतनदारांची घरं असतात, देवळं असतात, दप्तर सांभाळणारे असतात. एका हुकमानं गाव रिकामं होत नाही. त्या मधल्या काळात लोक या वाटेवर दोन्हीकडे चालले असणार. एक काम कंपेलला, दुसरं इंदूरला.

सत्तांतराच्या तारखा तेवढ्या सांगून पुढे जातो. २९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेनं माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. पुढच्या काही वर्षांत माळवा होळकर, शिंदे आणि पवार यांच्यात वाटला गेला आणि हा मुलूख मल्हारराव होळकरांकडे आला. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली, तरी इंदूरचा बाजार चालूच होता. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली. इथून पुढे कंपेल आणि इंदूर यांची बरोबरीच उरली नाही.

आता प्रत्यक्ष वाटेकडे येतो, कारण तिचं स्वतःचं एक व्याकरण होतं.

माळव्यात म्हण आहे: ‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’. पावलापावलावर अन्न आणि पाणी असलेली ही जमीन. पण हीच गहन माती पावसात चालणाऱ्याचे पाय धरते. आषाढाचा पहिला जोराचा पाऊस झाला की काळ्या मातीत गाडीचं चाक आऱ्यांपर्यंत रुतायचं. माणूस चालायचा तर वहाणा हातात घेऊन. म्हणून या वाटेचं वर्ष दसऱ्यानंतर सुरू होई आणि मृगाला थांबे. फौजांचं कॅलेंडरही तेच होतं. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. शेतकऱ्याचा भरणा, बाजारहाट, सोयरिकी, सगळं त्या सात-आठ महिन्यांत बसवायचं. सहा तासांची चाल असल्यानं एका दिवसात जाऊन येणं कठीण. संध्याकाळी पोहोचायचं, ओळखीच्या ओसरीवर किंवा देवळात पडायचं, दुसऱ्या दिवशी काम उरकून परत फिरायचं. प्रत्येक गावाच्या काकडावर, म्हणजे शिवेवर, चिंच नाहीतर कडुलिंब आणि जवळ विहीर किंवा बावडी. पाणी कुठे मिळतं यावर मुक्काम ठरत. पळसाच्या, इथे त्याला खाखरा म्हणतात, पानांच्या पत्रावळींचे भारे डोक्यावर घेऊन बायका शहराकडे येत.

आमच्या घरी कंपेलच्या बाजूची एक म्हातारी तूप घेऊन यायची, असं आजी सांगे. ती पायी यायची, रात्री इंदूरच्या छावनी भागात भाच्याकडे राहायची आणि सकाळी उरलेलं तूप विकून परत जायची. माझ्या आईनं एकदा भावावरून घासाघीस केली तर आजी म्हणाली, “सूनबाई, ती सात कोस चालून आलीय. आधी पाणी दे, मग भाव विचार.” तोवर बस सुरू झाल्या होत्या. तरी ती चालत यायची, कारण बसचं भाडं तुपाच्या पैशातून जायचं. कंपेलचा कसबा संपून दोन शतकं उलटल्यावरही ही वाट जिवंत होती ती अशा पायांमुळे. कचेरी गेली तरी दूध, तूप, भाजी, सरपण यांना इंदूरचं तोंड धरणं भागच होतं.

वाटेचं महत्त्व खरं घटवलं ते रेल्वेनं आणि आग्रा-मुंबई रस्त्यानं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं. ती होळकर स्टेट रेल्वे बडवाह, पाताळपाणी, महू करत इंदूरला आली. आग्रा-मुंबई रस्ताही महूच्याच बाजूनं घाट चढतो. म्हणजे दख्खनेकडून येणारा सगळा ओघ नैऋत्येला वळला आणि आग्नेयेची वाट आपल्या गावांपुरती राहिली. ज्या व्यापारानं इंदूरला मोठं केलं, त्यानंच कंपेलला एका बाजूला ठेवलं.

गेल्या पौषात मी हे अंतर चाललो. पालद्यापर्यंत पदपथ असून नसल्यासारखा. बायपासच्या चौकात पायी माणसानं पलीकडे कसं जावं याचा विचार कुणी केलेला दिसत नाही, आणि हे मला मनापासून लागलं. रोज तिथून मजूर जातात. देवगुराडियाच्या पायथ्याशी शहराचा कचरा येतो. १९ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याची सोय आहे आणि त्या गॅसवर शहराच्या बस धावतात. पूर्वी या वाटेनं गावाकडून शहराला तूप यायचं. आता शहराकडून या बाजूला त्याचं उष्टं जातं, हे चालताना मनात आलं. पुढे मात्र गहू पोपटी झाला होता, बटाट्याच्या सऱ्या ओल्या होत्या, आणि एका शेतावरच्या बाबांनी विचारलं, “कां जई रिया हो?” कंपेलला, म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग मटक्यातलं पाणी दिलं.

क्षिप्रेच्या उगमाचीही गोष्ट या वाटेच्या टोकाला जोडलेली आहे. ती वाहती राहावी म्हणून ४७ किलोमीटरच्या नळानं नर्मदेचं पाणी विंध्यावर चढवून उज्जैनीला आणलं. हे काम फेब्रुवारी २०१४ मध्ये पूर्ण झालं. पूर्वी माणसं घाट चढून नर्मदेकडून या पठारावर येत. आता तोच चढ पाणी चढतं.

पायी चालणं या वाटेवर पूर्ण थांबलेलं नाही. भूतडी अमावास्येला नेमावरकडे जथे निघतात. आणि महाशिवरात्रीला देवगुराडियाच्या गुटकेश्वर महादेवाची जत्रा असते. या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला असं सांगतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी गोमुखातून झिरपणारं पाणी आपोआप पिंडीवर पडत राहतं. त्या दिवशी पहाटे तीन-चारपासून जुनी इंदूर, छावनी, मूसाखेडीकडून माणसं चालत येतात, आणि दुसऱ्या बाजूनं कंपेल, खुडैलची. टेकडीच्या पायऱ्यांवर दोन्ही रांगा एक होतात. मागच्या वर्षी माझ्या पुढे खुडैलच्या दोन बायका होत्या, हातात बेलाची पानं आणि पिशवीत शेतातली बोरं. “कां से आया?” त्यांनी विचारलं. मी जुनी इंदूर म्हणालो. त्यातल्या एकीनं मूठभर बोरं माझ्या ओंजळीत टाकली आणि रांग दोन पायऱ्या वर सरकली.