मनमाड जंक्शनचे प्रभावक्षेत्र कसे शोधावे?

2011 च्या जनगणनेनुसार मनमाडची लोकसंख्या सुमारे 80 हजार होती आणि मालेगावची पावणेपाच लाखांच्या आसपास. तरीही मालेगावच्या माणसाला लांब पल्ल्याची गाडी पकडायची असेल, तर तो 35 ते 40 किलोमीटर दक्षिणेला मनमाडला येतो, कारण मालेगावात रेल्वे स्थानकच नाही. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, यंत्रमागावरच्या कामासाठी आजूबाजूची गावे मालेगावकडे वळतात, पण रेल्वेपुरते ते शहर आपल्याहून कितीतरी लहान गावाच्या प्रभावक्षेत्रात मोडते. ज्या परिसरातील माणसे आणि माल एखाद्या स्थानकावर अवलंबून असतात, तो परिसर म्हणजे त्या स्थानकाचे प्रभावक्षेत्र. आणि भूगोलाच्या प्रकल्पासाठी ते अभ्यासताना स्थानकाभोवती कंपासने वर्तुळ काढून भागत नाही, हे मनमाडच्या उदाहरणावरून लगेच लक्षात येते.

अमेरिकेतील विल्यम रायली यांनी 1931 मध्ये किरकोळ व्यापारासाठी एक नियम मांडला. शहराची ओढ त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, असे तो सांगतो. स्थानकांसाठी हा नियम वापरताना लोकसंख्येच्या जागी रोज थांबणाऱ्या गाड्यांची संख्या घ्यावी, असे मला वाटते. समजा, दोन स्थानकांमध्ये 30 किलोमीटर अंतर आहे आणि एकावर दुसऱ्याच्या चौपट गाड्या थांबतात. चारचे वर्गमूळ दोन, म्हणून अंतराची विभागणी दोनास एक या प्रमाणात होते आणि सीमा मोठ्या स्थानकापासून 20, तर लहान स्थानकापासून 10 किलोमीटरवर येते. मनमाडच्या पश्चिमेला लासलगाव आणि पूर्वेला नांदगाव ही स्थानके मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावरच आहेत. वेळापत्रकातून तिन्ही ठिकाणचे थांबे मोजले, तर दोन्ही बाजूंच्या अपेक्षित सीमा घरबसल्या नकाशावर मांडता येतात.

मात्र ही सीमा केवळ अंदाज आहे, आणि तो पडताळून पाहण्यासाठी बाहेर पडावे लागते. स्थानकावर प्रवाशांना तीन प्रश्न पुरेसे आहेत: कोणत्या गावाहून आलात, स्थानकापर्यंत कशाने आलात, आणि कुठे निघालात. यातला तिसरा प्रश्न बहुतेक प्रश्नावलींतून गळतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मालेगाव मुंबई-आग्रा महामार्गावर असल्यामुळे नाशिकला जाणाऱ्याला थेट एसटी सोयीची पडते, पण त्याच शहरातील ज्या विणकर कुटुंबांचे पूर्वज उत्तर प्रदेशातून आले, त्यांना तिकडच्या नातेवाइकांकडे जायचे असेल तर मनमाडला येऊन उत्तरेकडची गाडी धरावी लागते. म्हणजे एकच गाव एका दिशेच्या प्रवासासाठी प्रभावक्षेत्राच्या आत असते आणि दुसऱ्या दिशेसाठी बाहेर. म्हणून प्रत्येक दिशेसाठी वेगळ्या रंगाने, प्रवाशाच्या गावापासून स्थानकापर्यंत सरळ रेषा ओढाव्यात. पाहणीची वेळही बदलती ठेवावी, कारण सकाळी मुंबईकडे सुटणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसच्या वेळी भेटणारे प्रवासी आणि रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहणारे प्रवासी सारखे नसतात. फलाटावर विचारपूस करण्याआधी स्टेशन मास्तरांची परवानगी घ्यावी, हे सांगायला नकोच.

मालाचे प्रभावक्षेत्र स्वतंत्रपणे पाहावे लागते आणि ते बहुधा बरेच मोठे निघते. मनमाडला भारतीय अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत, आणि जवळच पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत. तिथून भरलेले टँकर रस्त्याने दूरच्या जिल्ह्यांतील पंपांवर जातात. त्या पंपांवर गाडीत डिझेल भरणारा शेतकरी मनमाडला कधी आलेलाही नसेल, पण इंधनाच्या नकाशात त्याचे गाव मनमाडशी जोडलेले असते.

प्रभावक्षेत्र काळानुसारही आकसते किंवा पसरते. मनमाडहून दौंडकडे जाणारा मार्ग 1878 मध्ये सुरू झाला. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मार्ग दीर्घकाळ मीटरगेज, म्हणजे मुंबईच्या मार्गापेक्षा अरुंद रुळांचा होता, त्यामुळे मराठवाड्यातून मुंबईला निघालेल्या प्रवाशाला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. मार्ग ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) झाल्यावर थेट गाड्या आल्या आणि हे सक्तीचे उतरणे संपले. शिर्डीच्या भाविकांचेही तसेच झाले. पूर्वी त्यांतले कितीतरी जण मनमाडला उतरून पुढे रस्त्याने जात, पण 2009 मध्ये साईनगर शिर्डी स्थानक सुरू झाले, शिवाय येवल्याजवळच्या नगरसोल या लहानशा स्थानकापर्यंत आंध्र प्रदेशातून थेट गाड्या येऊ लागल्या, आणि ती गर्दी विभागली गेली. म्हणून नकाशावर पाहणीचा महिना आणि वर्ष लिहिणे आवश्यक आहे.

एक मोठी त्रुटी तरीही उरते. स्थानकावर केलेल्या पाहणीत फक्त आलेली माणसे भेटतात. जी आली नाहीत, ती त्या आकड्यांत कुठेच नसतात, आणि सीमा तर त्यांच्यामुळेच ठरते. त्यामुळे सूत्राने काढलेल्या रेषेजवळची चार-सहा गावे निवडून तिथे जावे, एसटीच्या थांब्यावर किंवा काळी-पिवळीच्या स्टँडवर उभे राहावे आणि विचारावे की घरातले कोणी शेवटचे रेल्वेने गेले, ते कोणत्या स्थानकावरून. निम्मी घरे मनमाड आणि निम्मी लासलगाव सांगू लागली, की पश्चिमेची सीमा त्या गावातून जाते असे मानावे.